ट्रॉली ओढायला पिकअप घेताना: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

टोयोटा हायलक्स या पिकअपचे माहितीपत्रक बारकाईने वाचणाऱ्याला एक जागा खटकल्याशिवाय राहत नाही. गाडी तीच, २.८ लिटरचे डिझेल इंजिन तेच, ताकद दोन्हीकडे २०४ अश्वशक्ती. पण हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत त्याच इंजिनाचा टॉर्क ४२० न्यूटन मीटर दिलेला असतो आणि ऑटोमॅटिकमध्ये तो ५०० असतो. टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. भरलेली ट्रॉली जागची हलवताना आणि चढावर खेचताना कामाला येतो तो हाच. आपल्याकडचा समज मात्र नेमका याच्या उलट आहे: ऑटोमॅटिक ही शहरातल्या गर्दीची सोय, ओझ्याच्या कामाला मॅन्युअलच हवी, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते.

कोल्हापुरात हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा विचारला जातो. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या भागांतून जनरेटर, कॉम्प्रेसर, काँक्रीट मिक्सर अशी दोनचाकी ट्रॉलीवर बसवलेली यंत्रे पिकअपमागे जोडून कामाच्या जागी नेली जातात, आणि ते काम कोकणात असेल तर वाटेत घाट चुकत नाही. दुसरीकडे, काही वर्षांपूर्वी जवळजवळ सगळ्याच पिकअप मॅन्युअल असताना आता हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळू लागल्या आहेत. तेव्हा ओढण्याच्या कामात या दोन गिअरबॉक्समध्ये नेमका फरक कुठे पडतो, हे मुळापासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

चाके थांबतात, इंजिन थांबू शकत नाही

डिझेल इंजिन चालू राहायचे असेल तर ते मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली जाऊन चालत नाही. त्याखाली ते बंद पडते. उभ्या गाडीची चाके मात्र शून्यावर असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालायची, तर मधे कुठेतरी काही क्षण घसरण होऊ द्यावीच लागते, आणि जिथे घसरण होते तिथे उष्णता तयार होते. रिकाम्या गाडीत ही उष्णता इतकी कमी असते की तिचा विचार करण्याचे कारण पडत नाही. मागे दोन टनांची ट्रॉली जोडली की तोच मुद्दा मुख्य होऊन बसतो. ही उष्णता कोणत्या भागात तयार होते आणि तिथून ती बाहेर कशी पडते, एवढे समजले तर मॅन्युअल-ऑटोमॅटिकच्या वादातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मॅन्युअलमध्ये सगळा ताप क्लचप्लेटवर

मॅन्युअल गाडीत ही घसरण क्लचप्लेटवर होते. सुमारे दहा इंच व्यासाची, दोन्ही बाजूंना घर्षणाचा थर लावलेली ही चकती इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पायाखालचे पॅडल हळूहळू सोडताना ती सरकत सरकत पकड घेते आणि एकदा पूर्ण बसली की घसरण शून्य होते.

सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीला गतीच्या रूपाने जितकी ऊर्जा मिळते, साधारण तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. यातून दोन गोष्टी निघतात. एकूण वजन दुप्पट झाले की प्रत्येक वेळी उचलताना होणारी उष्णताही दुप्पट होते. पण ज्या वेगाला क्लच पूर्ण बसतो तो वेग निम्मा करता आला, तर उष्णता चौथ्या हिश्शावर येते. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे ट्रॅक्टरचे कोडे त्यानेच सुटणार आहे.

चढावर गणित अधिक कठोर होते. गाडी, माल आणि ट्रॉली मिळून साडेचार टन वजन आहे आणि रस्ता शंभर मीटरला आठ मीटर चढतो आहे, असे समजू. पुढे एसटी अडकली म्हणून चालकाने हँडब्रेक न ओढता, पहिल्या गिअरमध्ये, पंधराशे फेऱ्यांवर, अर्ध्या क्लचवर गाडी जागीच तोलून धरली, तर ढोबळ हिशेबाने १२ किलोवॅटच्या आसपास उष्णता त्या एका चकतीत सतत ओतली जाते. तिथे तेल नाही, पाणी नाही, बंद कप्प्यातली थोडी हवा तेवढी आहे. अर्ध्या मिनिटात करपट वास केबिनमध्ये येतो. त्यानंतरही तसेच चालू राहिले तर प्लेटचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग मिस्त्रीकडे नेहमीची तक्रार येते: रेस वाढते, पण गाडी उचलत नाही. अशा चढावर गाडी हँडब्रेकवर थांबवून, पुढे मोकळी जागा झाल्यावर एकदाच ठामपणे उचलणारा चालक तोच क्लच कितीतरी अधिक काळ वापरतो. मॅन्युअलचे आयुष्य असे पूर्णपणे चालकाच्या डाव्या पायावर अवलंबून असते, आणि ज्या कारखान्यात एकच पिकअप चार जण चालवतात तिथे ही फार मोठी अट आहे.

ऑटोमॅटिकमध्ये मधे तेल असते

ओझ्यासाठी ज्या ऑटोमॅटिकचा विचार करायचा, तिच्यात क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. हे तेलाने भरलेले बंद भांडे असते. त्यात इंजिनाकडून फिरणारे पात्यांचे एक चाक आणि त्याच्यासमोर गिअरबॉक्सकडे जाणारे दुसरे चाक असते. दोघे एकमेकांना टेकत नाहीत. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक एका बाजूने जोरात ढवळला, तर दुसऱ्या बाजूला नुसते सोडलेले लाकडी फावडेही पाकाबरोबर ओढले जाऊ लागते, फक्त थोडे मागून आणि थोड्या कमी वेगाने. कन्व्हर्टरमध्ये गती अशीच तेलातून पोहोचते. चाके थांबली तरी इंजिन फिरत राहते आणि कोणतीही चकती झिजत नाही.

या भांड्यात एक तिसरे चाकही असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवते, आणि त्यामुळे गाडी उचलण्याच्या क्षणी इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्सपर्यंत जवळजवळ दुप्पट होऊन पोहोचू शकतो. क्लचला हे साधत नाही. तो आला तेवढाच टॉर्क पुढे देतो. भरलेली ट्रॉली चढावर जागची हलवताना हा फायदा पहिल्या वाव-दोन वावांत जाणवतो.

उष्णता इथेही होते, हे विसरून चालणार नाही. पण ती तेलात होते, आणि तेल पंपाने कूलरमध्ये नेऊन थंड करता येते. वेग धरल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाके एकत्र जोडतो आणि घसरण संपते. घाटात, विशेषतः कमी वेगाने वरचा गिअर घेऊन कुंथत चढताना, हा लॉक-अप पुन्हा पुन्हा सुटतो आणि तेल तापू लागते. म्हणून लांब चढावर गाडीला स्वतःच्या मनाने गिअर बदलू न देता एक गिअर खाली बांधून ठेवावा; इंजिनाचा आवाज वाढतो, पण तेल थंड राहते. जनरेटरची ट्रॉली घेऊन आंबा घाट चढताना डिझेल वाचेल या आशेने वरचा गिअर धरणे ही खोटी बचत आहे.

मग मॅन्युअललाच टॉर्क कमी का दिला जातो?

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर आता देता येते. मॅन्युअलमध्ये इंजिनाचा प्रत्येक झटका क्लच आणि गिअरच्या दातांवर थेट येतो. चालक पॅडल अचानक सोडू शकतो, चुकीचा गिअर टाकू शकतो, आणि कंपनीला या सगळ्यासाठी मार्जिन ठेवावे लागते. जास्त टॉर्क पेलणारा क्लच द्यायचा तर दाब वाढवावा लागतो, म्हणजे पॅडलही जड होते. ऑटोमॅटिकमध्ये झटका तेलात शोषला जातो आणि गिअर बदलताना संगणक क्षणभर इंजिनाचा जोर कमी करतो. म्हणून तेच इंजिन तिथे अधिक मोकळे सोडता येते.

अमेरिकेत हा फरक टोकाला गेला. रॅम कंपनीच्या मोठ्या पिकअपमध्ये ६.७ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन २०१८ पर्यंत मॅन्युअल गिअरबॉक्ससह मिळत असे. त्या वर्षी मॅन्युअलमध्ये त्याचा टॉर्क सुमारे ८९५ न्यूटन मीटर होता, तर सर्वांत दणकट ऑटोमॅटिकमध्ये सुमारे १,२६०. त्यानंतर त्या गाडीतून मॅन्युअल बंदच झाला.

पण हा निसर्गनियम समजू नये. इसुझू व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनाचा टॉर्क दोन्ही प्रकारांत ३६० न्यूटन मीटरच आहे. ऑस्ट्रेलियात तर चार चाकांना ताकद देणाऱ्या हायलक्सची ओढण्याची अधिकृत मर्यादा २०२० पूर्वी मॅन्युअलला ३,५०० किलो आणि ऑटोमॅटिकला ३,२०० किलो होती. त्या वर्षीच्या सुधारणेनंतर दोन्ही समान झाल्या. तेव्हा नियम ऐकून गाडी घेऊ नये, त्या गाडीचे हस्तपुस्तक उघडून घ्यावी.

“मग ऊस ओढणारे ट्रॅक्टर मॅन्युअल कसे?”

हा आक्षेप कोल्हापुरात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या भरून जाणारे ट्रॅक्टर क्लचवरच चालतात आणि पिकअपच्या कितीतरी पट वजन ओढतात. उत्तर वेगाच्या त्या हिशेबात आहे. पिकअपच्या पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडी ताशी दहा-बारा किलोमीटरवर पोहोचलेली असते. ट्रॅक्टरच्या सर्वांत खालच्या गिअरमध्ये हाच वेग अडीच-तीन किलोमीटर असतो. वेग चौथा हिस्सा, म्हणून त्याच वजनाला उष्णता सोळावा हिस्सा. शिवाय ट्रॅक्टरचा क्लच मोठा असतो आणि रस्त्यावर त्याची घाई कुणालाच नसते. मागच्या वाहनांना ती असते, हा भाग वेगळा.

हीच युक्ती चार चाकांना ताकद देणाऱ्या पिकअपमध्ये उपलब्ध आहे, पण फार थोडे मालक ती वापरतात. लो रेंजचे बटण किंवा दांडा लावला की सगळे गिअर सुमारे अडीच पटीने खाली येतात आणि उचलतानाची उष्णता साधारण सहाव्या हिश्शावर उतरते. खाणीतला उतार, चिखलाचे शेत किंवा खडीची कच्ची चढण इथे मॅन्युअलवाल्याने हाच मार्ग घ्यावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र लो रेंज लावून वळणे घेऊ नयेत. बहुतेक पिकअपमध्ये पुढची-मागची चाके तेव्हा घट्ट बांधली जातात आणि वळणावर सगळी यंत्रणा पिळली जाते.

मोठ्या ट्रकचेही तसेच. त्यांच्याकडे बारा-बारा गिअर असतात आणि पहिला फारच खालचा असतो. व्होल्वोने २००१ मध्ये आणलेला आय-शिफ्ट गिअरबॉक्स हा क्लच असलेलाच आहे. त्यात फक्त पाय आणि हात यांचे काम यंत्र करते.

क्लचचे पॅडल नाही म्हणून ऑटोमॅटिक एकच नव्हे

आय-शिफ्टच्या उल्लेखामुळे एक इशारा द्यावा लागतो. लहान गाड्यांत लोकप्रिय झालेली एएमटी ही आतून मॅन्युअलच असते: तोच गिअरबॉक्स, तोच सुका क्लच, पॅडल दाबायला तेवढे एक छोटे यंत्र. घाटात चढावरच्या कोंडीत पुढच्या गाडीमागून इंच इंच सरकताना ते यंत्रही अर्धा क्लचच धरते आणि प्लेट तशीच तापते. चालकाला पॅडल नसल्यामुळे तिची थरथर पायाला कळतही नाही, म्हणून मला हे मिश्रण ओझ्यासाठी दोन्हींपेक्षा वाईट वाटते. ट्रकमध्ये ते चालते, कारण तिथे खालचे गिअर आणि मोठा क्लच आहे. लहान गाडीत दोन्ही नसतात. पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी आणि दोन क्लचची डीसीटी यांचा विचार जड ट्रॉलीसाठी करू नये, एवढे पुरे. विक्रेत्याला ‘ऑटोमॅटिक आहे का’ असे न विचारता ‘टॉर्क कन्व्हर्टर आहे का, आणि गिअर तेलाला वेगळा कूलर आहे का’ असे विचारावे.

“उतारावर गिअर हातात असलेला बरा”

मॅन्युअलच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, कोणताही घाट घ्या. चढताना गाडी फार तर बंद पडेल, उतरताना ती थांबणार नाही. साडेचार टनांचे वजन ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे सहा युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन जावीच लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर तापतात, पकड सुटते, आणि ब्रेकचे तेल उकळले तर पॅडल थेट खाली जाते. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाला अडवू द्यायचे असते. डिझेल इंजिनाचा हा अडथळा मुळात पेट्रोलपेक्षा कमी असतो, त्यामुळे गिअर खालचा आणि फेरे जास्त ठेवावे लागतात.

मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर टाकला की तो दुसराच राहतो. ऑटोमॅटिक डी वर, म्हणजे गिअर आपोआप बदलण्याच्या नेहमीच्या जागेवर, सोडली तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच ती वरचा गिअर घेऊ शकते, आणि चालकाला वाटते की हिला इंजिन ब्रेकच नाही. तो असतो, पण मागावा लागतो: दांडा मॅन्युअल मोडवर ओढून गिअर स्वतः ठरवायचा. काही गाड्यांत ओढण्यासाठी वेगळा मोड असतो. तो लावला की गाडी गिअर उशिरा बदलते आणि उतारावर स्वतःहून खाली येते. हा निर्णय घाटाच्या माथ्यावर घ्यावा, ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्यात किंवा त्याच्या एक खाली. तिसऱ्या वळणावर वेग हाताबाहेर गेल्यावर खालचा गिअर मागितला तर संगणक इंजिन वाचवण्यासाठी तो नाकारू शकतो. मॅन्युअलमध्येही त्या वेळी न्यूट्रल झालेली गाडी पुन्हा गिअरमध्ये पडत नाही, हे जुन्या चालकांना ठाऊक आहे.

न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचते, हा समज आता पूर्णपणे चुकीचा आहे. आजचे डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना, पाय उचललेला असेल तर इंधन तोडते. न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यासाठी इंधन घ्यावेच लागते.

मायलेज, किंमत आणि मिस्त्री

मायलेजचा फरक पूर्वी मोठा होता. लॉक-अप आणि वाढलेले गिअर यांमुळे तो आता थोडा उरला आहे, आणि ट्रॉली मागे असताना चालकाची सवयच अधिक फरक पाडते. किमतीत ऑटोमॅटिक महाग आहे. खरा फरक बिघाडाच्या वेळी कळतो. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदलणे हे कोल्हापुरात कोणत्याही अनुभवी मिस्त्रीचे नेहमीचे काम आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचा तर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते आणि खर्च क्लचच्या कित्येक पट होतो. पण तो बहुधा तेल करपल्यामुळे खराब होतो, आणि तेल बदलणे हातातले आहे. ‘आयुष्यभर तेल बदलावे लागत नाही’ हे वाक्य रिकाम्या गाडीसाठी असते. ट्रॉली ओढणाऱ्याने जड वापराचे वेळापत्रक पाळावे आणि काढलेले तेल पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पाहावे: बहुतेक तेले नवी असताना लालसर असतात, तपकिरी, काळपट आणि जळका वास असलेला थेंब सांगतो की कूलर पुरत नाही.

कुणी काय घ्यावे

ज्यांची ट्रॉली दीड-दोन टनांच्या घरात आहे, घाट वारंवार आहे आणि गाडी एकापेक्षा अधिक जण चालवतात, त्यांनी पैसे असतील तर टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. महामार्गावर सांगली-साताऱ्याकडे सरळ धावणारी हलकी ट्रॉली आणि एकच जुना चालक असेल, तर मॅन्युअलमध्ये काहीच कमी नाही. एकदा क्लच बसला की तो तासन्‌तास थंड राहतो. आणि बोलेरो पिकअप किंवा योद्धा यांसारख्या रोजच्या मालवाहू गाड्यांत निवडच नसते, त्या मॅन्युअलच आहेत. तिथे ट्रॉलीचे वजन आवरणे, तिला स्वतःचे ब्रेक असणे आणि चढावर हँडब्रेक वापरणे, हेच तीन उपाय क्लच वाचवतात.

ऑटोमॅटिकच बंद पडली तर

ओढणारी गाडी कधी ओढलीही जाते, आणि इथे ऑटोमॅटिकला मॅन्युअलचे नियम लावता येत नाहीत. ती ढकलून चालू होत नाही, तेव्हा बॅटरीच्या जोडतारा गाडीत असाव्यात. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचे तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना दोर बांधून गाडी दूरवर ओढली तर चाके गिअरबॉक्सचे भाग तेलाविना फिरवत राहतात आणि ते आतून झिजतात. ताकद जाणारी चाके जमिनीवरून उचलूनच अशी गाडी न्यावी. चारही चाकांना ताकद जाणारी असेल, तर तिच्यासाठी सपाट फळीची क्रेनगाडी मागवावी, आणि फोनवरच गाडी ऑटोमॅटिक असल्याचे सांगावे, म्हणजे चालक नुसता हूक घेऊन येणार नाही.